घर आधी म्हणणाऱ्या मुली आणि सीमेपलीकडची स्थळे

मलप्रभाकाठ

नमस्कार. मी खानापूर तालुक्यातली, वय सव्वीस. एम.कॉम. झाल्यावर गेली तीन वर्षे बेळगावात एका सनदी लेखापालांच्या कार्यालयात काम करते आणि रोज बसने ये-जा करते. घरी स्थळे पाहणे चालू आहे, त्या निमित्ताने हा धागा काढते आहे.

आधी माझी भूमिका सांगते. मी स्वतःला परंपरावादी समजते. लग्न दोन्ही घरांच्या संमतीने आणि रीतीप्रमाणे व्हावे, तिशीच्या आत मुले व्हावीत, आणि मूल निदान तीन वर्षांचे होईपर्यंत दिवसभर आपल्याजवळ असावे, असे मला मनापासून वाटते. हे माझ्यावर कोणी लादलेले नाही. माझी आई अंगणवाडी सेविका आहे. गावातल्या सगळ्यांच्या मुलांना सांभाळून ती घरी यायची, तेव्हा आम्हा दोघा भावंडांसाठी तिच्यात काही उरलेले नसायचे. तिच्यासारखे व्हायचे नाही असे म्हणताना मला वाईट वाटते, पण खरे ते खरे.

अडचण अशी, की एवढे सांगितले की पुढचे वाक्य लोक आपल्या मनानेच पुरे करतात. कार्यालयातल्या मैत्रिणी म्हणतात, "म्हणजे शिक्षण पाण्यात." स्थळाकडची मंडळी म्हणतात, "बरे झाले, म्हणजे मुलीच्या काही अटी नाहीत." गेल्या महिन्यात आमच्या घरी पोह्यांच्या बशा उचलता उचलता मुलाच्या मामांनी नेमके हेच म्हटले आणि माझ्या वडिलांनी मान डोलावली. मला अटी आहेत. त्या नोकरीच्या नाहीत, इतकेच.

सध्या तीन स्थळे विचारात आहेत. एक बेळगावातल्या अनगोळचे, एक महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यातले, आणि एक मूळचे आमच्याच भागातले पण पुण्यात स्थायिक झालेले. पत्रिका तिन्ही जुळल्या आहेत. आमच्याकडे मुलगी देताना राज्य कोणी पाहत नाही, कारण सोयरिकी महाराष्ट्र-कर्नाटक सीमेच्या आधीच्या आहेत आणि १९५६ साली रेघ ओढली म्हणून कोणाचे आजोळ बदलले नाही. मात्र त्या रेघेपलीकडे गेल्यावर मुलीचे कागद बदलतात, मुलाचे बदलत नाहीत. यावर बैठकीत कोणी बोलत नाही. जिला नोकरीच करायची आहे ती याचा विचार आपोआप करते. माझ्यासारखीने करावा की नाही, आणि केला तर तो कोणत्या तोंडाने बोलून दाखवावा, हे मला विचारायचे आहे. ज्यांना माझी भूमिकाच चुकीची वाटते त्यांनीही अवश्य लिहावे. फक्त ‘शिकलेल्या मुली अशा कशा’ हा सूर नको.

निपाणीची नात

ताई, तुमचा प्रामाणिकपणा आवडला, पण ‘परंपरा’ या शब्दापाशी मी अडले. माझी पणजी तंबाखूच्या वखारीत कामाला जायची. आजी घरात विड्या वळायची, हजारावर मजुरी ठरलेली असायची आणि नापास म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांचे पैसे मिळत नसत. १९८१ साली तंबाखूच्या दरासाठी निपाणीला शेतकऱ्यांनी महामार्गावर ठाण मांडले, ते आंदोलन सर्वांना माहीत आहे. त्याच दशकात विडी वळणाऱ्या बायकांनी आपली संघटना बांधली, हे मात्र आमच्या गावाबाहेर फारसे कोणी सांगत नाही. तेव्हा बाईने घरी राहावे ही परंपरा नेमकी कोणाच्या घरची? ज्या घरात पुरुषाचा पगार पुरत होता त्या घरची. आमच्याकडे तो कधी पुरलाच नाही.

आणखी एक गोष्ट लिहिते, ती कदाचित तुमच्याच बाजूची आहे. आजी विड्या वळत असताना माझे वडील तिच्या मांडीवर असायचे. तंबाखूच्या धुळीत मूल वाढवणे चांगले होते असे मी म्हणणार नाही, त्याची किंमत आमच्या घराने खोकल्यात मोजली आहे. पण मूल आणि काम यांत तिला निवड करावी लागली नाही, कारण दोन्ही एकाच उंबऱ्याच्या आत होते. तुम्हाला नोकरी नको आहे की रोजचे खानापूर ते बेळगाव नको आहे, हे एकदा स्वतःला विचारून पाहा.

उसाचा मळा

मी चिकोडी तालुक्यातला, वय बत्तीस, बी.एस्सी. ॲग्री. साडेचार एकर बागायत आहे, विहीर आहे, कर्ज नाही. सात वर्षांत बावीस ठिकाणी जाऊन आलो. एकाही मुलीने ‘मला करिअर करायचे आहे’ म्हणून नकार दिला नाही. सगळ्या मुली घरच सांभाळणार होत्या, पण ते घर पुण्यातले किंवा बेंगळुरूतले असावे, मुलाची नोकरी असावी आणि जमल्यास सासू गावी राहावी, अशी अपेक्षा होती. मलप्रभाकाठ, तुम्ही सांगितलेल्या तीन स्थळांत शेतकरी म्हणून एकाचाही उल्लेख नाही, हे मी वाचले. परंपरा हवी असेल तर ती आमच्या घरी शिल्लक आहे, पण तिथे यायला कोणी तयार नाही.

मलप्रभाकाठ

उसाचा मळा, तुमचा आक्षेप बरोबर आहे आणि तो मला लागला. माझ्याकडे शेतकऱ्याचे एक स्थळ आले होते आणि मीच नाही म्हटले. कारण शेण-धारांचे कष्ट नव्हते. ते मी केले आहेत आणि आजही सुट्टीच्या दिवशी करते. चार भावांच्या त्या घरात उतारा अजून आजोबांच्या नावावर होता आणि सुनांपैकी कोणाच्याही नावावर बँकेत खाते नव्हते. घर आधी म्हणणे आणि त्या घरात आपले काहीच नसणे, या दोन गोष्टी एकत्र मान्य करायला माझे मन तयार झाले नाही. तरीही तुमची नोकरदार मुलाबद्दलची तक्रार आम्हा मुलींना सोयीस्करपणे ऐकू येत नाही, हे कबूल करते.

निपाणीची नात, तुमच्या प्रश्नावर दोन दिवस विचार करते आहे.

पेठेतली बाई

मी पुण्यात राहते, वय एकसष्ट, सासर सोलापूरचे, माहेर बेळगावच्या शहापूरचे. मूळ लेखिकेला एक आकडा सांगते. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देतात आणि जे पुरुष घरकाम करतात ते ८८ मिनिटे. मुळात असे पुरुषच थोडे, हे वेगळे. तुम्ही ज्याला निवड म्हणता आहात तिच्या आधी ही पावणेपाच तास घरकामाची वाटणी झालेली आहे. नोकरी करणाऱ्या आईची दमणूक तुम्ही पाहिलीत आणि निष्कर्ष काढलात की नोकरी सोडावी. त्या वेळी वडील घरी काय करत होते, हे तुमच्या लेखनात कोठेच आलेले नाही.

सीमाभागाविषयीही लिहिते. भाषा टिकवण्याच्या लढ्यात बायका मोर्चात पुढे आणि निर्णयात मागे राहिल्या. संस्कृती जपायची ती बाईच्या साडीत, स्वयंपाकात आणि मुलांच्या जिभेवर, असा एक अलिखित ठराव झालेला आहे. परंपरावादी मुलींना तो ठराव स्वतःचाच वाटू लागतो.

सीमोल्लंघन

पेठेतल्या काकूंच्या आकड्याबद्दल वाद नाही. मी बेळगावात समितीच्या शाखेत जाते, शाखा म्हणजे राष्ट्र सेविका समितीची. आमच्या भागात नुसते ‘समिती’ म्हटले की लोकांना सीमालढ्याची महाराष्ट्र एकीकरण समिती आठवते म्हणून खुलासा. लक्ष्मीबाई केळकरांनी १९३६ साली वर्ध्याला ही संघटना काढली तेव्हा त्या विधवा होत्या आणि पदरात मुले होती. जिजाबाईंचे मातृत्व, अहिल्याबाईंचे कर्तृत्व आणि झाशीच्या राणीचे नेतृत्व हे तीन आदर्श आम्हाला सांगितले जातात, आणि त्यांपैकी एकीलाही कोणी घरात बसलेली बाई म्हणणार नाही. माझ्या ओळखीच्या बहुतेक परंपरावादी मुली नोकरी करतात. फरक एवढाच, की नोकरी गेली तर आपण संपलो असे त्यांना वाटत नाही.

वयाबद्दल एक गोष्ट जाता जाता. डिसेंबर २०२१ मध्ये मुलींच्या लग्नाचे किमान वय अठराचे एकवीस करण्याचे विधेयक लोकसभेत आले आणि २०२४ साली ती लोकसभा संपल्यावर ते बारगळले. आमच्यातल्या अनेक जणी त्याच्या विरोधात होत्या, मी बाजूने होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत वीस ते चोवीस वयाच्या विवाहित-अविवाहित सर्व मुलींपैकी अठराच्या आत लग्न झालेल्या कर्नाटकात २१.३ टक्के आणि महाराष्ट्रात २१.९ टक्के निघाल्या. म्हणजे सीमेच्या कोणत्याही बाजूला मिरवण्यासारखे काही नाही. मुलीला पदवीपर्यंत शिकू देऊन मग लग्न लावणे परंपरेच्या विरोधात कसे जाते, हे मला अजून कोणी पटवून दिलेले नाही.

शहापूरची सून

मी तुमच्या वाटेने गेलेली आहे, म्हणून लिहिते. बी.कॉम., उद्यमबागेत एका कारखान्याच्या हिशेब खात्यात पाच वर्षे काम, मूल झाल्यावर सोडले. ते स्वतःच्या मनाने सोडले आणि आजही पस्तावा नाही. प्रसूतीच्या रजेचा कायदा २०१७ पासून सव्वीस आठवड्यांचा आहे आणि पन्नास किंवा अधिक माणसे असतील तिथे पाळणाघराची सोय बंधनकारक आहे. आमच्याकडे चाळीसच्या आसपास माणसे होती. उद्यमबागेतले बरेचसे कारखाने असेच लहान आहेत, तेव्हा मला पाळणाघराचा कायदा फक्त वाचायला मिळाला.

सासर विणकरांचे. यंत्रमाग दोन, सासूबाई आणि मी कांड्या भरतो, सासरे आणि नवरा माग पाहतात. बाहेरच्या लोकांना मी ‘घरीच असते’. प्रत्यक्षात मी दिवसाला चार-पाच तास काम करते आणि त्याचा पगार नाही, कारण तो धंदा घरचा आहे. निपाणीच्या ताई म्हणतात तसा एका उंबऱ्याच्या आतला संसार माझा आहे. त्याचे सुख खरे आहे, मुलगी डोळ्यांसमोर वाढली. पण साडी विकल्यावर पैसा सासऱ्यांच्या खात्यात जातो, आणि मला भाजीच्या पिशवीसाठीसुद्धा मागावे लागते. मागितल्यावर कोणी नाही म्हणत नाही. तरीही मागावे लागते.

२०२३ च्या ऑगस्टपासून कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिना दोन हजार येऊ लागले, तेव्हा मला वाटले निदान ते तरी हातात येतील. शिधापत्रिकेवर कुटुंबप्रमुख म्हणून जिचे नाव त्या एकाच बाईला ते मिळतात. आमच्या कार्डावर यजमानी सासूबाई आहेत. त्या भल्या आहेत, दर महिन्याला पाचशे माझ्या हातावर ठेवतात, पण ठेवतात त्या. तुमच्या धाग्याला माझे उत्तर हे आहे. घरी बसा, पण रिकाम्या खात्याने बसू नका.

काळी पाटी

मी निवृत्त प्राथमिक शिक्षक, वय अडुसष्ट, बेळगाव तालुका. मुलींच्या धाग्यात म्हाताऱ्याने लिहू नये, पण हक्कसोड पत्राचा, म्हणजे मुलींनी माहेरच्या जमिनीवरचा हक्क सोडल्याच्या कागदाचा, विषय निघण्याच्या आतच माझे सांगून टाकतो.

वडील १९९८ साली गेले. मला दोन बहिणी. थोरलीचे लग्न १९८९ साली झाले, धाकटीचे १९९६ साली. उत्तरकार्य आटोपल्यावर तलाठ्यांकडे जाऊन दोघींच्या सह्या घेतल्या. दोघींनी हसत सह्या केल्या, मी दोघींना साडी-चोळी दिली, आणि गावाने माझे कौतुक केले. आता कायदा काय होता ते ऐका. कर्नाटकाने हिंदू वारसा कायद्यात केलेली दुरुस्ती ३० जुलै १९९४ पासून लागू झाली होती आणि तिने त्या दिवशी अविवाहित असलेल्या मुलींना वडिलोपार्जित जमिनीत भावाइतकाच हक्क दिला होता. महाराष्ट्रानेही त्याच वर्षी २२ जूनपासून तसेच केले होते. म्हणजे माझी धाकटी बहीण माझ्या बरोबरीची वाटेकरी होती, आणि वडिलांच्या स्वतःच्या हिश्श्यात तर थोरलीही होती. मला हे माहीत होते. शाळेत पेपर येत असे आणि तो मीच आधी वाचत असे. मी बहिणींना सांगितले नाही.

पुढे ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राच्या दुरुस्तीने विवाहित-अविवाहित हा भेदही काढला, आणि ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की मुलीचा हक्क जन्मापासून आहे, त्यासाठी वडील २००५ साली हयात असण्याची गरज नाही. हा निकाल वाचल्यानंतर मला रात्री झोप येईना. धाकटीकडे जाऊन सगळे सांगितले. तिने ऐकून घेतले आणि नदीकडचा एक एकर मागितला. मी कबूल झालो, पण माझा मुलगा कबूल नाही. सध्या प्रकरण तिथेच अडकले आहे, आणि बहीण गणपतीला येत नाही.

मलप्रभाकाठ, तुमच्या माहेरी भाऊ आहे असे दिसते. तुमच्यापुढेही तो कागद येईल. सही करावी की नाही ते तुम्ही ठरवा, मी सांगण्याच्या योग्यतेचा नाही. वाचल्याशिवाय मात्र करू नका.

निपाणीची नात

गुरुजी, तुम्ही हे लिहिलेत, एवढेच म्हणते. आमच्या घरात हेच घडले, पण सांगणारे कोणी निघाले नाही.

मलप्रभाकाठ

सर्वांचे वाचून मला जे सुचले ते जरा सविस्तर लिहिते.

पेठेतल्या काकू, वडील तेव्हा काय करत होते याचे उत्तर शोधायला मला फार आठवावे लागले नाही. ते कट्ट्यावर असायचे. ही गोष्ट मला इतकी सवयीची होती की लिहिताना सुचलीच नाही. तुमचा मुद्दा मान्य. पण त्यावरून माझी भूमिका बदलत नाही, कारण मूल लहान असताना त्याच्याजवळ राहण्याची इच्छा मला आईच्या दमणुकीतून जितकी आली तितकीच आजीच्या मांडीवरून आली आहे, आणि आजीची मांडी ही काही कोणी केलेली फसवणूक नव्हती.

निपाणीच्या ताईंच्या प्रश्नाचे उत्तरही सापडले. मला रोजचे खानापूर ते बेळगाव नको आहे. हिशेबाचे काम मला आवडते. वस्तू व सेवा कराची विवरणपत्रे घरी बसून भरता येतात आणि आमच्या तालुक्यात दुकानदारांना ते करून देणारे फार थोडे आहेत. तेव्हा ‘नोकरी सोडणार’ हे माझे वाक्य अर्धेच होते, हे कबूल करते.

मुख्य मुद्दा वेगळा आहे. हक्कसोड पत्राला आपण रीत म्हणतो आणि हक्क मागणाऱ्या मुलीला आधुनिक म्हणतो. माझ्या मते हे नेमके उलटे आहे. याज्ञवल्क्य स्मृतीवर विज्ञानेश्वराने मिताक्षरा लिहिली ती कल्याणीच्या चालुक्यांच्या दरबारात, म्हणजे आजच्या कर्नाटकातल्या बसवकल्याणला, आणि तिने स्त्रीधनाची व्याप्ती वाढवून वारशाने आलेली मालमत्ताही त्यात धरली. नऊशे वर्षांपूर्वी आपल्याच मुलखात बसून एका धर्मशास्त्र्याने लिहिलेली ही गोष्ट आहे. पुढच्या लोकांनी ती गाळली आणि साडी-चोळी तेवढी ठेवली. १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने स्त्रीधन हे सर्वस्वी पत्नीचे आहे, सासरकडे ते केवळ विश्वासाने ठेवलेले असते, असे सांगितले, तेव्हा त्याने नवे काही आणले नाही. जी बाई कमवायला बाहेर जाणार नाही तिच्या हाताशी स्वतःचे काही असावे, हे जुन्या लोकांना कळत होते, म्हणून तर स्त्रीधन आले. नोकरी करणारी मुलगी जमिनीवरचा हक्क सोडू शकते, तिचा पगार आहे. माझ्यासारखीला तो सोडणे परवडत नाही. म्हणजे घर आधी म्हणणाऱ्या मुलीनेच सर्वांत आधी उतारा पाहायला हवा, आणि तो पाहणे हे अविश्वासाचे लक्षण समजले जाऊ नये.

हे मी घरी बोलले. भाऊ म्हणाला, "मग माहेरपण विसर." आई काही बोलली नाही. रात्री भांडी घासताना तिने विचारले, "माझ्या नावावर काय आहे गं?" मी विचार केला, तर आईच्या नावावर फक्त तिचे मानधनाचे खाते आहे.

उसाचा मळा

तुमचे वाचून वडिलांशी बोललो. माझ्या हयातीत बायकोचे नाव उताऱ्यावर लावणार का, असे कोणा मुलीकडच्यांनी विचारले असते तर आम्ही उठून आलो असतो, हे खरे आहे. आता विचारले तर उठणार नाही. वडील उठतील.

चंदगडची सून

मूळ प्रश्न कागदांचा होता आणि त्यावर कोणीच नेमके लिहिले नाही, म्हणून लिहिते. माझे माहेर बेळगाव तालुक्यातले, नऊ वर्षांपूर्वी चंदगड तालुक्यात आले. अंतर पाऊण तासाचे, भाषा तीच, भाकरी तीच, देवसुद्धा तेच. बदलले ते असे.

माहेरी आमची जात मराठा, कर्नाटकात ती मागासवर्गीयांच्या ३ ब गटात येते. लग्नानंतर महाराष्ट्रात त्या दाखल्याचा उपयोग नाही, कारण एका राज्याच्या यादीतला आरक्षणाचा लाभ दुसऱ्या राज्यात मिळत नाही. नोकरीचा विचार असेल तर हे आधी समजून घ्या. उलट बाजूने, महाराष्ट्राने ज्या ८६५ गावांवर दावा सांगितला आहे तिथल्या मराठी भाषक उमेदवारांना पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला असेल तर महाराष्ट्राच्या सरकारी भरतीत अर्ज करता येतो. कर्नाटकाच्या भरतीत कन्नडची परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते, आणि आपण मराठी शाळेत शिकलेल्या मुली तिथेच अडतो. माझा धाकटा भाऊ कन्नड नीट शिकला आणि त्याचे काम झाले, तेव्हा त्याचा बाऊ करू नये असेही माझे मत आहे.

आता घर सांभाळणाऱ्या बाईचे कागद. कर्नाटकात राहणाऱ्या बाईला तिथल्या शक्ती योजनेत साध्या बसला शून्य तिकीट असते. आधारवरचा पत्ता महाराष्ट्राचा झाला की ते संपते. इकडे एसटीला अर्धे तिकीट आहे, पण ते महाराष्ट्राच्या हद्दीपुरते. म्हणजे आईला भेटायला बेळगावला जाताना मला सीमेपर्यंत अर्धे आणि पुढे पूर्ण भाडे पडते. हसू येते, पण महिन्यातून दोनदा गेले की जाणवते. लाडकी बहीण योजनेत परराज्यात जन्मलेल्या सुनेला नवऱ्याच्या महाराष्ट्रातील कागदपत्रांवर लाभ मिळतो, मला मिळाला. शहापूरच्या ताईंचे वाचून जाणवले की तिकडचे दोन हजार सासूच्या खात्यात जातात आणि इकडचे दीड हजार सुनेच्या. हा फरक सरकारांनी ठरवून केला की नकळत झाला कोण जाणे, पण माझ्या घरात त्याने बरेच काही बदलले. सासूबाई आता बाजाराला जाताना मला विचारतात, काही आणायचे आहे का आणि पैसे देतेस का.

अनगोळचे स्थळ असेल तर यातले काहीच बदलणार नाही. पुण्याचे असेल तर सगळे बदलेल आणि शिवाय आई पाऊण तासावर नसेल. मला विचाराल तर आई किती अंतरावर आहे हा कागद सगळ्यांत मोठा आहे, कारण पहिले मूल झाल्यावर सव्वीस आठवडे रजा असो की नोकरीच नसो, हाताखाली लागते ती आई.

बेळगावचा वाटाड्या

हा सगळा प्रश्न सीमाप्रश्नाचा आहे. २००४ पासून महाराष्ट्राचा खटला सर्वोच्च न्यायालयात पडून आहे. तो सुटला की सुनेला दोन राज्यांचे कागद नाचवावे लागणार नाहीत. त्यावर कोणी बोलत नाही.

शहापूरची सून

दादा, खटला सुटावा असे मलाही वाटते. पण तो आमच्या बाजूने सुटला तरी माझ्या शिधापत्रिकेवर यजमानी सासूबाईच राहतील. या धाग्यावर त्याबद्दल बोलणे चालू आहे.

पेठेतली बाई

स्त्रीधनाचा मुद्दा मी या अंगाने कधी पाहिला नव्हता. मी आजवर ‘नोकरी करा’ इतकेच सांगत आले. तरीही एक शंका शिल्लक आहे. नाव उताऱ्यावर लागले म्हणून विक्रीच्या दिवशी सही घेण्यापलीकडे त्या बाईला कोणी विचारील का? माझ्या सोलापूरच्या घरात माझे नाव तीस वर्षे उताऱ्यावर आहे आणि पीक कोणते घ्यायचे हे मला पेरणी झाल्यावर कळते.

मलप्रभाकाठ

काकू, या शंकेवर माझ्याकडे उत्तर नाही.

रविवारी चंदगडची मंडळी येऊन गेली. मी तीन गोष्टी विचारल्या. घरून हिशेबाचे काम करीन, त्याचे पैसे माझ्याच खात्यात राहतील, हे चालेल का. उतारा कोणाच्या नावावर आहे. आणि मूल झाल्यावर मुलगा कोणते काम करील. पहिल्याला मुलाच्या आईने लगेच हो म्हटले. दुसऱ्याला वडील गप्प बसले आणि मग म्हणाले, सातबारा पाठवतो. तिसरा प्रश्न ऐकून मुलगा हसला आणि नंतर म्हणाला, भाकरी येत नाही, भात येतो. मामा नाराज होऊन गेले. मुलाचा निरोप अजून आलेला नाही, सातबारा मात्र काल आला. त्यावर चार नावे आहेत, बाईचे एकही नाही.

चंदगडच्या ताई, पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला लग्नाआधी काढून ठेवावा का? आमचे गाव त्या ८६५ मध्ये आहे.

चंदगडची सून

आत्ताच काढा, माहेरच्या नावाने, आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जसे आहे अगदी तसेच नाव असू द्या. लग्नानंतर नाव बदलले की दोन कागद एकमेकांशी जुळवण्यात माझे दीड वर्ष गेले. आणि राजपत्रात नाव बदलण्याची घाई करू नका; सासरी कोणी विचारले तर सांगा, पुढच्या वर्षी करू.